एल्कच्या रानात चाहूल न लागू देता पोचायचं कसं: ई-बाईक, साधी सायकल, लामा की नुसते पाय?

ऑगस्ट आला की कोलोरॅडोतल्या डेन्व्हर, फोर्ट कॉलिन्सकडची आपली मंडळी, ज्यांच्या हातात नुकतंच हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, कार्ड पडलंय, ती हमखास विचारतात की एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीसाठी ई-बाईक कुठली घेऊ. मी दरवेळी आधी मॅप उघडायला लावतो, कारण तीन-चार हजार डॉलर घालून आणलेली बाईक तुमच्या युनिटमध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागात) गेटच्या पुढे एक फूटही नेता येत नाही असं निघालं तर काय उपयोग. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

एक गोष्ट पहिल्यांदा. हे सगळं अमेरिकेतल्या लायसन्स काढून, सीझनमध्ये, टॅग (त्या जनावराचा परवाना) घेऊन केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, त्यामुळे गावाकडच्या कुणी हे वाचून रानडुकरामागे बॅटरीची बाईक घेऊन जाऊ नये. आणि इथे एच-वन-बी वर असाल तर नीट समजून घ्या, फेडरल कायद्याने नॉनइमिग्रंट व्हिसावाल्याला बंदूक बाळगता येत नाही, पण अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स जवळ असेल तर अपवाद आहे. बंदूक हातात घ्यायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, ग्रीन कार्डच्या रांगेत असताना यात ढिलाई नको. बोने, म्हणजे धनुष्यबाणाने, शिकार करणार असाल तर हा प्रश्न येत नाही कारण त्या कायद्याच्या हिशोबाने बो ही फायरआर्म नाही.

आता शांत वाहन कशाला हवं ते बघू. कोलोरॅडोत साधारण २ लाख ८० हजार एल्क आहेत, जगात एवढा मोठा कळप कुठल्याच राज्यात नाही, पण रस्त्याच्या कडेला ते सीझनच्या पहिल्या दोन दिवसांनंतर दिसत नाहीत. ओरेगनमध्ये ला ग्रांड गावाजवळ स्टार्की म्हणून एक प्रायोगिक जंगल आहे, १९८० च्या दशकात त्याला उंच कुंपण घातलं आणि तिथे एल्कच्या गळ्यात कॉलर बांधून त्यांनी मोजलं की माणसं कशावरून आली की एल्क किती लांब सरकतात. २०१८ मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांत एटीव्हीपासून (कच्च्या रस्त्यावरच्या चारचाकी मोटरबाईकपासून) एल्क सगळ्यात जास्त लांब गेले, त्याच्या खालोखाल माउंटन बाईक, मग चालणारे आणि घोडेवाले. लक्षात घ्या, साधी पायडलची सायकल, जिला मोटरच नाही, तिच्यापासूनही एल्क चालणाऱ्यापेक्षा जास्त लांब गेले. म्हणजे आवाज नाही म्हणून चाहूल लागत नाही असं अजिबात नाही, वेगाने येणारी वस्तू त्यांना खटकते. त्यामुळे माझा सगळा भर वाहन किती शांत आहे यापेक्षा ते कुठे थांबवायचं आणि पुढे पायी किती जायचं यावर असतो. बाईक तुम्हाला पार्किंगच्या गर्दीतून बाहेर काढते, जनावरापर्यंत नेत नाही.

पायरी पहिली: जमीन कुणाची आणि रस्ता कशाला मोकळा

हीच पायरी सगळ्यात मोठी आहे आणि हीच लोक सोडतात. तुमच्या युनिटचा मॅप घ्या आणि बघा की तुम्हाला जायचंय ती जागा नॅशनल फॉरेस्ट आहे, बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याची) आहे, विल्डरनेस (कायद्याने जसंच्या तसं राखलेलं रान) आहे, राज्याची आहे की खाजगी.

विल्डरनेस असेल तर विषय तिथेच संपला. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने तिथे मोटरच नाही तर कुठलंही यांत्रिक वाहन चालत नाही, म्हणजे साधी सायकलही नाही, आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं की मांस आणायची दोन चाकांची गेम कार्टसुद्धा नाही. तिथे पाय, घोडा, खेचर, लामा (उंटाच्या कुळातलं ओझं वाहणारं जनावर) एवढंच. फ्लॅट टॉप्स किंवा वेमिनुच या विल्डरनेसमध्ये जाणार असाल तर ई-बाईकचे पैसे चांगले बूट, चांगली पॅक फ्रेम (पाठीवर मांस वाहायचा सांगाडा) आणि ऑगस्टपर्यंतच्या जिना चढण्यावर खर्च करा.

नॅशनल फॉरेस्टमध्ये नियम सोपा आहे पण लोकांना पचत नाही: फॉरेस्ट सर्व्हिसच्या दृष्टीने ई-बाईक हे मोटर वाहन आहे. क्लास वन असो, पायडल मारल्याशिवाय मोटर चालत नसो, तरीही. जो रस्ता किंवा ट्रेल मोटर वाहनांना मोकळा आहे तिथेच ती चालते, आणि कुठला मोकळा आहे ते कळतं मोटर व्हेइकल यूज मॅपवरून. हा मॅप रेंजर ऑफिसमध्ये फुकट मिळतो, अवेन्झा या मॅपच्या ॲपवरही उतरवून घेता येतो, दिसायला अगदी रुक्ष, काळापांढरा, डोंगराच्या रेषा नाहीत काही नाही, पण कायदा तोच आहे. त्यावर जो रस्ता दाखवलेला नाही तो मोटरला बंद, मग प्रत्यक्षात कितीही रुंद आणि वापरातला दिसू दे. आणि बाजूच्या तक्त्यात तारखा असतात त्या वाचा, काही रस्ते ठरावीक तारखेनंतर बंद होतात आणि तुमचा सीझन नेमका त्यानंतर असू शकतो.

आता गंमत इथे आहे की जुना लाकूडतोडीचा रस्ता, वर आडवं लोखंडी गेट, मोटरला बंद, पण त्याच गेटच्या बाजूने साधी सायकल बहुतेक वेळा कायदेशीर जाते, जोवर तिथे सायकलला वेगळी बंदीची पाटी नाही तोवर. म्हणून मी छातीठोकपणे सांगतो की नॅशनल फॉरेस्टमध्ये खूप ठिकाणी चारशे-सहाशे डॉलरची जुनी हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) माउंटन बाईक ही पाच हजारांच्या ई-बाईकपेक्षा जास्त आत नेते. मॅपवर असे गेटबंद रस्ते शोधा, त्यात दोन-तीन मैल जेमतेम चढ असलेला एखादा सापडला तर ते सोनं आहे.

बीएलएमच्या जमिनीवर २०२० च्या नियमाने तिथल्या मॅनेजरला अधिकार दिलाय की साध्या सायकलच्या ट्रेलवर ई-बाईक चालू द्यायची की नाही ते त्याने ठरवावं, म्हणजे आपोआप मोकळीक नाही, त्या फील्ड ऑफिसला फोन करून विचारा आणि ज्याने सांगितलं त्याचं नाव लिहून ठेवा. राज्याच्या जमिनींचे नियम जागेगणिक वेगळे. ऑनएक्ससारख्या ॲपवर खाजगी जमिनीच्या हद्दी दिसतात, ते ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, वर नेटवर्क नसतं.

आणि एक, वर नेताना नियम पाळला पण जनावर पडल्यावर ते आणायला रस्ता सोडून वाहन आत घातलं तर तेही बेकायदेशीरच, कोलोरॅडोतल्या बहुतेक फॉरेस्टमध्ये त्यासाठी सूट नाही.

पायरी दुसरी: आवाजाचा हिशोब

डेसिबलचं गणित मी इंजिनियर मंडळींना मुद्दाम सांगतो कारण त्यांना ते पटतं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, दसपट झालं की २० ने. कोलोरॅडोत १९९८ नंतर बनलेल्या पेट्रोलच्या ऑफ-रोड गाडीला सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर ९६ डेसिबलची मर्यादा आहे. अर्ध्या मीटरवरून ५०० मीटर म्हणजे हजारपट अंतर, म्हणजे ६० डेसिबल वजा, उरले ३६. पहाटे वारा नसताना रानात २५ च्या आसपास शांतता असते, म्हणजे अर्धा किलोमीटर लांबूनही ती गाडी स्पष्ट ऐकू येते, आणि थंड हवेचा थर दरीत साचलेला असतो तेव्हा आवाज त्याहूनही लांब जातो. ई-बाईक समजा एक मीटरवर ५५ डेसिबल करते, ती ५० मीटरवर वीसच्या घरात येते, म्हणजे रानाच्या स्वतःच्या आवाजात मिसळून जाते.

पण हा झाला सलग येणाऱ्या आवाजाचा हिशोब. जनावराचे कान उभे राहतात ते तुटक, धातूच्या, रानात नसलेल्या आवाजाला. एकदा संध्याकाळी मी गवताळ उताराच्या वर, झाडांच्या कडेला बसलो होतो, समोर एल्कची एक मादी चरत होती, वारा माझ्या तोंडावर. खालच्या रस्त्याने कुणीतरी ई-बाईकवरून येत होता, मोटरचा आवाज मला अजिबात आला नाही. आला तो मागच्या चाकाचा, उतारावर पायडल थांबवल्यावर फ्रीहब टिकटिकटिक करतो ना तो. मादीने गवत तोंडात तसंच धरून मान वर केली, दोन्ही कान त्या दिशेला वळवले, चघळणं बंद. तो अजून दिसतही नव्हता. मग पिशवीचं बकल कशावर तरी आपटल्याचा बारीकसा टक् आवाज आला आणि ती दोन उड्यांत झाडीत. त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नसणार की तिथे काही होतं.

तेव्हा बाईक घेताना मोटर किती वॉटची हे विचारता तसं मागचा हब कसा वाजतो तेही चाक फिरवून दुकानात ऐका. काही हब आतून स्प्रॅग क्लचचे असतात ते फिरताना वाजतच नाहीत, पण महाग. साध्या पॉलवाल्या (आत खटके असलेल्या) हबमध्ये दुकानदाराला सांगून जरा दाट ग्रीस भरून घेतलं की टिकटिक बरीच बसते, फार दाट नको, थंडीत ते गोठलं तर पॉल चिकटतात आणि पायडल फुकट फिरतं.

पायरी तिसरी: ई-बाईकच घ्यायची ठरली तर

मोटर दोन तऱ्हेच्या. हब मोटर चाकात बसते, शांत असते, स्वस्त असते, सपाटीला आणि मध्यम चढाला ठीक. मिड-ड्राइव्ह पायडलपाशी बसते, गिअर वापरून चढते त्यामुळे खड्या चढाला आणि वजनाला तीच लागते, पण तिला एक बारीक गुणगुण असते आणि जोर लावला की ती वाढते, शिवाय चेन आणि गिअरवर ताण येतो. नऊ-दहा हजार फुटांवर सप्टेंबरचे एल्क असतात आणि तिथले रस्ते सपाट नसतात, म्हणून बोशिकाऱ्याला मी मिड-ड्राइव्ह सांगतो आणि शेवटचा अर्धा मैल असिस्ट (मोटरची मदत) सगळ्यात कमी ठेवून पायडल मारायला सांगतो, गुणगुण आपोआप बसते. उंचीचा अजून एक मुद्दा, पेट्रोलचं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं, दहा हजारांवर जवळजवळ ३० टक्के गेली, इलेक्ट्रिक मोटरला पातळ हवेने काही फरक पडत नाही. तुम्हाला मात्र पडतो, त्यामुळे एक दिवस आधी वर जाऊन झोपा.

क्लास समजून घ्या. वन म्हणजे पायडल मारलं तरच मोटर, ताशी २० मैलांपर्यंत. टू म्हणजे थ्रॉटल आहे, तेवढाच वेग. थ्री म्हणजे पायडलवर २८ मैल. तिन्हींना ७५० वॉटची मर्यादा. शिकारीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाईक हजार-दीड हजार वॉटच्या असतात, त्या या तीन खोक्यांत बसत नाहीत आणि त्यांना मोटरसायकलचे नियम लागू शकतात. सेटिंगमध्ये जाऊन अनलॉक होतं असं विक्रेता आनंदाने सांगेल, तुम्ही ते करू नका.

बॅटरीचं गणित कागदावर करा, जाहिरातीतले मैल विसरून जा. ४८ व्होल्ट गुणिले १७.५ अँपअवर म्हणजे ८४० वॉटअवर. तुम्ही ८० किलो, बाईक ३३, सामान १७, एकूण १३०. हे वजन हजार फूट वर न्यायला निव्वळ १०८ वॉटअवर लागतात, मोटरचा तोटा धरून १४० धरा. शिवाय जाड टायर कच्च्या रस्त्यावर लोटायला मैलाला साधारण १८. म्हणजे पाच मैल आणि दीड हजार फूट चढाला, पाय अजिबात न वापरता, ३०० वॉटअवर गेले. उतरताना जवळजवळ काही लागत नाही. आता जनावर पडलं की मांसाची पहिली खेप खाली आणायची आणि दुसरीसाठी परत वर जायचं, म्हणजे ६००. आणि गोठणबिंदूच्या आसपास बॅटरी सहज पाव भाग कमी देते, म्हणजे तुमच्या ८४० पैकी हाताशी ६३० च. बघा, किती काठावर येतं ते. तिसरी खेप असेल तर बॅटरी दुसरीच लागणार. म्हणून पायडल मारायची सवय ठेवा, रात्री बॅटरी काढून तंबूत स्लीपिंग बॅगजवळ घ्या, आणि शून्य डिग्रीच्या खाली चार्जिंगला तर लावूच नका, सेल कायमचे खराब होतात. कॅम्पवर चार्ज करायला जनरेटर लागेल, मग तो कॅम्प शिकारीला बसायच्या जागेपासून एक टेकडी मध्ये ठेवूनच असू दे.

टायर ४ इंचाच्या वरचे, हवा कमी, पाचोळ्यावर आणि बारीक खडीवर कमी हवेचा टायर दबून जातो आणि करकर कमी करतो. कमी म्हणजे ८ ते १२ पीएसआय, वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. ट्यूबलेस करून आत सीलंट घाला, गोटहेड नावाचे काटे आहेत इकडे, म्हणजे आपला सराटाच. ब्रेक हायड्रॉलिक, डिस्क मोठी, कारण एल्कचं मांस लादून उतरताना ब्रेकवरच जीव असतो. पॅड ऑरगॅनिक घेतले तर कमी किंचाळतात पण लवकर झिजतात, जास्तीचा एक सेट जवळ ठेवा.

विकत घ्यायच्या आधी भाड्याने घेऊन बघा, डोंगरातल्या बऱ्याच गावांत मिळतात. बाकू, रॅम्बो वगैरे शिकारीचीच नावं घेऊन येणाऱ्या कंपन्या आहेत, किमती तीन ते सात हजार डॉलर, पण साध्या फॅट टायर ई-बाईकवर स्वतः रॅक आणि पिशव्या लावूनही काम चालतं, कॅमोफ्लाजचा रंग एल्कला काही फरक पाडत नाही. ज्याचे सुटे भाग आणि बॅटरी तुमच्या गावातला मेकॅनिक मिळवू शकतो ती घ्या, हा निकष माझ्या मते बाकी सगळ्यांच्या वर.

एक राहिलं, गाडीमागचा रॅक. या बाईक ३० ते ३६ किलोच्या असतात, साध्या सायकलचा रॅक हायवेवर तुटतो. दोन इंची रिसीव्हरचा (गाडीमागच्या चौकोनी खाचेत बसणारा), एका बाईकला ८० पाउंड झेपणारा घ्या, आणि नेताना बॅटरी काढून गाडीत ठेवा, तेवढंच वजन कमी.

पायरी चौथी: बाकीचे पर्याय, थोडक्यात

इलेक्ट्रिक साइड-बाय-साइड (शेजारी शेजारी बसायची कच्च्या रस्त्याची चारचाकी) आता मिळतात, पोलॅरिसची रेंजर एक्सपी कायनेटिक आहे, ११० हॉर्सपॉवर, शांतही आहे, पण किंमत एखाद्या चांगल्या कारएवढी आणि ती फक्त रुंद मोटर रस्त्यावर. टेक्सासमध्ये ज्यांचं स्वतःचं किंवा लीजवरचं रँच आहे त्यांना मात्र ती अगदी योग्य, तिथे फीडर (हरणांना दाणा टाकणारं यंत्र) भरायला आणि ब्लाइंडपर्यंत (लपून बसायच्या खोपटापर्यंत) जायला रोज लागते आणि हरणांना तिची सवय होते. सार्वजनिक जमिनीवरच्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये.

पेट्रोलची एटीव्ही असेल तर ती विकायची गरज नाही. ती मुख्य रस्त्यावर कॅम्पपर्यंत वापरा आणि तिथून सायकल. तिच्यावर बंदूक नेताना कोलोरॅडोत चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामं आणि बंदूक पूर्ण बंद केसमध्ये हवी, आणि कुठल्याही मोटर वाहनावरून नेम धरणं तर नाहीच. ई-बाईकलाही मी हाच नियम लावतो, कुणी विचारो न विचारो.

लामाबद्दल मात्र मनापासून सांगतो, विल्डरनेसमध्ये जाणाऱ्याने एकदा तरी भाड्याने घेऊन बघाव्यात. पावलाला गादी असते, नाल नसते त्यामुळे दगडावर खडखड होत नाही, ६० ते ८० पाउंड ओझं बिनतक्रार घेते, आणि घोड्यासारखं रोज फार काही बघावं लागत नाही. लामावाला अर्धा दिवस शिकवल्याशिवाय देत नाही आणि ते बरोबरच आहे. घोडा-खेचर न्यायचं तर चारा प्रमाणित तणमुक्तच लागतो, फॉरेस्टमध्ये सक्ती आहे. स्वतः घोडा हाताळलेला नसेल तर नेऊ नका, आउटफिटरकडून (शिकारीची व्यवस्था करून देणाऱ्या व्यावसायिकाकडून) ड्रॉप कॅम्प घ्या, तो सामान वर ठेवून येतो आणि ठरलेल्या दिवशी परत न्यायला येतो. राज्यात नोंदणी असलेलाच आउटफिटर घ्या.

धरणाच्या पलीकडच्या काठाला जायचं असेल तर कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी. सगळ्यात शांत हेच, फक्त वल्हं काठावर आपटू देऊ नका, काठाला जुनी ट्यूब फाडून गुंडाळा. छोटी इलेक्ट्रिक मोटर लावली तर राज्याचं बोट रजिस्ट्रेशन लागतं. लाइफ जॅकेट अंगात घालूनच बसायचं, ऑक्टोबरच्या पाण्यात माणूस काही मिनिटांत हातपाय हलवेनासा होतो.

पायरी पाचवी: घरच्या घरी आवाज काढून टाकणं

हे काम एका शनिवारी होतं आणि खर्च तीस-चाळीस डॉलर. बाईक सगळं सामान लादून, अगदी पाण्याच्या बाटलीसकट, एक फूट उचला आणि सोडा. जे काही वाजेल ते एकेक करून गप्प करा. चेन फ्रेमवर आपटते तिथे रबराची जाड मॅस्टिक टेप लावा. केबल फ्रेमला घासतात तिथे झिप टाय. किकस्टँड बहुधा सगळ्यात जास्त खडखडतो, मी तो काढूनच टाकतो, बाईक झाडाला टेकते. बाटलीच्या पिंजऱ्याऐवजी पाठीवर पाण्याची पिशवी. बकलं, झिपरचे पत्र्याचे लोंबते तुकडे, कॅरॅबिनर, सगळ्यावर टेप किंवा पॅराकॉर्डचा तुकडा. वेल्क्रो कुठेही असेल तर हटवा, पहाटे तो फाडल्याचा आवाज म्हणजे कळपाला आमंत्रणाच्या उलट काय असतं ते. बो किंवा रायफलची पकड धातूला धातू लागणार नाही अशी, मध्ये फेल्ट. ट्रेलर असेल तर एका चाकाचा बरा, दोन चाकांचा रिकामा ट्रेलर दगडावर ढोलासारखा वाजतो, आणि हुकच्या जोडात रबरी वॉशर घाला.

मग खरी परीक्षा: कच्च्या रस्त्यावर बायकोला, मित्राला, कुणालाही पाठ करून उभं करा, पन्नास पावलांवरून त्यांच्या मागून बाईक आणा आणि त्यांनी ज्या क्षणी ऐकलं त्या क्षणी हात वर करायचा. कशाचा आवाज आला ते त्यांनाच विचारा. तुम्हाला बाईकवर बसून जे ऐकू येत नाही ते बाहेरच्याला लख्ख ऐकू येतं.

पायरी सहावी: कुठे थांबायचं

बोचा हंटर चाळीस यार्डांपर्यंत पोचायला बघतो, त्यामुळे त्याला हे सगळ्यात लागू. बसायच्या जागेपासून निदान अर्धा मैल आधी, आणि शक्यतो मध्ये एक सोंड किंवा कड ठेवून बाईक थांबवा. रायफलवाल्यालाही तेच, त्याचा आवाका मोठा असला तरी उघड्या माळावर लांबून येणारा माणूस एल्कला दिसतो.

मग वारा. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली दरीत वाहते, ऊन पडून उतार तापला की उलटी वर चढायला लागते. म्हणजे अंधारात खालच्या रस्त्याने बाईक आणून खालीच ठेवली तर तुमचा वास तुमच्या मागेच, दरीकडे जातो, वर चरणाऱ्यांना लागत नाही. पण नऊ-दहानंतर तीच जागा चुकीची, तुमचा घाम सगळा वर. त्या वेळेपर्यंत तुम्ही त्यांच्या उंचीला किंवा वर पोचलेले असायला हवं. ई-बाईकचा हा एक छुपा फायदा की पेट्रोलचा वास हाताला, कपड्याला नसतो, आणि घाम कमी येतो त्यामुळे वर पोचल्यावर थंडीने कुडकुडायला होत नाही.

बाईक रस्त्यापासून वीसेक पावलं आत, आडवी, किल्ली आणि डिस्प्ले खिशात, साखळी झाडाला, जीपीएसवर पिन. अंधारात परत येताना नारिंगी रिबन तिच्यावर बांधलेली असली तर टॉर्चला चटकन सापडते. रायफल सीझनमध्ये कोलोरॅडोत कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी आणि तसलीच टोपी सक्तीची आहे, सायकल चालवताना पाठीवरच्या पॅकने ती झाकली जाते, म्हणून पॅकवरही नारिंगी कव्हर घाला.

पायरी सातवी: परत येतानाचं वजन

मोठ्या नराचं बिनहाडाचं मांस ८० ते ११० किलो भरतं, वर शिंगं. हे एका खेपेत कुठल्याच बाईकवर येत नाही, कुणी व्हिडिओत दाखवलं तरी. एका खेपेला ट्रेलरवर पंचवीस-तीस किलो, पॅनिअरमध्ये (चाकाच्या बाजूच्या पिशव्यांत) दोन्ही बाजूंना सारखं, जड ते खाली. पाठीवर घेऊन उतरू नका, तोल वर जातो. उताराला मागचा ब्रेक धरून, थांबत थांबत, ब्रेक तापले तर पाच मिनिटं बसा. मांस जाळीदार कापडी पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये कधीच नाही, सावलीत हवा लागेल असं टांगून दुसऱ्या खेपेपर्यंत ठेवा, सप्टेंबरच्या दुपारी उष्ण असतं आणि मांडीचं हाड आतून मांस नासवतं, म्हणून हाड आधी काढा. जनावराचं लिंग ओळखता येईल असा भाग मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, वाटेत वाइल्डलाइफ ऑफिसर थांबवून बघतो.

तारखांचं अजून एक, बो सीझन सप्टेंबरभर, त्यातच गणपती, लगेच पितृपक्ष, आणि पहिला रायफल सीझन नवरात्राच्या आगेमागे. ज्यांच्या घरात त्या दिवसांत चालत नाही त्यांनी डीप फ्रीझर आणि मांस कापून पॅक करून देणारा प्रोसेसर आधी ठरवून ठेवा, सीझनमध्ये त्यांच्याकडे रांग असते.

आणि हे सगळं ऑगस्टच्या एका वीकएंडला पूर्ण करून बघा. त्याच रस्त्यावर, अंधारात, फक्त हेडलॅम्पच्या लाल उजेडात, मांसाच्या जागी पाण्याचे कॅन लादून वर जा आणि खाली या. किती वेळ लागला, कुठल्या वळणावर उतरून ढकलावं लागलं, कुठला ओढा ओलांडताना मोटरपर्यंत पाणी आलं, खाली पोचल्यावर बॅटरी किती टक्के उरली, हे सगळं ऑनएक्सच्या पिनच्या नोटमध्ये तिथल्या तिथे लिहा, आणि थंडीसाठी त्यातून पाव भाग वजा करून मगच ठरवा की सीझनला दुसरी बॅटरी लागणार की नाही.